माहितीपट बघणाऱ्यांचे आणि दाखवू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा तालुक्याच्या गावी आणि जमेल तसं आसपासच्या वाड्यावस्त्यांवर माहितीपट दाखवतो. खेळ संपला की प्रोजेक्टर गुंडाळता गुंडाळता तेच तेच प्रश्न येतात, फोनवरही येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. ही आमची मतं आहेत, ती पटलीच पाहिजेत असं काही नाही.

माहितीपट, अनुबोधपट, डॉक्युमेंटरी, लघुपट: हे सगळं एकच का?

पहिले तीन एकच. 'अनुबोधपट' हा जुना शब्द, त्यात बोध पाजण्याचा वास येतो, म्हणून आम्ही टाळतो. लघुपट म्हणजे फक्त लांबीने छोटा. तो कथापटही असू शकतो. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' माहितीपटच आहे, पण त्याला लघुपट म्हणाल तर तीन तास खुर्चीत बसलेला माणूस तुम्हाला सोडणार नाही.

माहितीपट म्हटलं की सिनेमाआधी लागायची ती सरकारी रीळ आठवते. तसंच असतं का?

ती फिल्म्स डिव्हिजनची, १९४८ साली स्थापन झालेल्या सरकारी खात्याची. थिएटरवाल्यांना ती दाखवणं सक्तीचं होतं. लोक तेवढ्यात चणे आणायला बाहेर जात. धरण, कारखाना, कुटुंब नियोजन आणि वरून एक भारदस्त आवाज. गंमत म्हणजे त्याच खात्यात एस. सुखदेव आणि एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्यांनी साठच्या दशकात फार धीट कामं केली. शास्त्रींचा १९६७ चा 'आय ॲम ट्वेंटी' जरूर बघा. देश वीस वर्षांचा झाला तेव्हा वीस वर्षांच्याच मुलामुलींना बोलतं केलंय, आणि ती मुलं सरकारला आवडेल असं बोलतातच असं नाही. इथे मात्र आपण बोलतोय ते मुख्यतः त्या खात्याबाहेर, स्वतंत्रपणे केलेल्या फिल्म्सबद्दल.

एकही बघितलेला नाही. सुरुवात कुठून करू?

मुंबईशी नातं असेल तर 'हमारा शहर'पासून. पटवर्धनांनी १९८५ साली केलेला, फुटपाथवरच्या आणि झोपडपट्टीतल्या लोकांची घरं पाडली जात होती त्या काळातला. शहर आपल्या बापाचं असल्यासारखं बोलणारी सुखवस्तू मंडळी आणि तेच शहर बांधणारे, झाडणारे लोक, दोघंही त्यात आहेत. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे मान्य केलं, आणि रीतसर नोटीस देऊन फुटपाथवरून हटवायलाही मुभा ठेवली. फिल्म बघून मग तो निकाल वाचा, किंवा उलट.

'हमारा शहर'मध्ये एक शाहीर गातो, विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. त्यानंतर चार दिवसांनी घोगरेंनी आत्महत्या केली. 'जय भीम कॉम्रेड' तिथून सुरू होतो आणि पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली, आला २०११ ला. त्यात शाहिरी आहे, कव्वाली आहे, पुण्याच्या तरुण शाहिरांचा कबीर कला मंच आहे, हसू येईल असे प्रसंगही आहेत. दोन्ही एकापाठोपाठ बघितले तर घोगरेंचा आवाज दुसऱ्यांदा ऐकताना काय होतं ते मी सांगत नाही.

शेतकरी घरातले असाल तर दीपा भाटियांचा 'नीरोज गेस्ट्स' (२००९). विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा पाठपुरावा करणाऱ्या पत्रकार पी. साईनाथ यांच्या मागोमाग ही फिल्म फिरते. रोमचा बादशहा नीरो मेजवानीच्या बागेत उजेड हवा म्हणून कैदी जाळायचा, अशी रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलेली गोष्ट साईनाथ सांगतात, आणि नीरोचं सोडून त्याच्या पाहुण्यांबद्दल विचारतात. तासाभराच्या आत संपते. आमच्याकडे हीच सर्वांत जास्त वेळा मागितली गेली.

मराठी माणसांवर, मराठीत काही आहे का?

आहे, आणि लोकांना वाटतं त्याहून बरंच. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'साचा' (२००१) नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांना घेऊन गिरणगावातून फिरतो. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते. त्यांच्या भोंग्यांचं, चाळींचं पुढे काय झालं हे दोन कलावंतांच्या डोळ्यांनी दिसतं. अतुल पेठे यांचा 'कचराकोंडी' पुण्यातल्या सफाई कामगारांवर आहे. तो बघितल्यावर ओला-सुका कचरा वेगळा करा असं घरात कुणाला सांगावं लागत नाही. सोमनाथ वाघमारे यांचा भीमा कोरेगाववरचा २०१७ चा माहितीपट आणि नंतरचा 'चैत्यभूमी' यांत महत्त्वाचं हे, की कॅमेरा धरणारा माणूस त्या गर्दीतलाच आहे, बाहेरून आलेला नाही. त्याने किती फरक पडतो ते सहा डिसेंबरची दादरची गर्दी बातम्यांत बघितलेल्याला लगेच कळेल. किंशुक सुरजन यांचा 'मार्चिंग इन द डार्क' (२०२४) नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या शेतकरी बायकांचा. 'अ रायफल अँड अ बॅग' गडचिरोलीत शरण आलेल्या नक्षलवादी जोडप्याचा, मुलाला शाळेत घालायला जातीचा दाखला लागतो आणि तिथेच सगळं अडतं.

पारोमिता व्होरांचा 'क्यू टू पी' (२००६) मुंबईतल्या बायकांनी लघवीला जायचं कुठे, एवढ्याच प्रश्नावर आहे. बायकांच्या गटात दाखवला की पंधराव्या मिनिटापासून फिल्म कमी आणि बोलणं जास्त. एसटी स्टँड, शाळा, बाजार, शेत, सगळं निघतं.

पर्यावरणावर दाखवायचं तर वाघ-हत्ती सोडून काय?

हत्तींचा 'द एलिफंट व्हिस्परर्स' छानच आहे, ऑस्करही मिळालं. पण निसर्गाचं नुकसान आणि माणसामाणसांतली उतरंड या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. हे दिसायला सर्वनिक कौर यांचा 'अगेन्स्ट द टाइड' (२०२३) बघा. मुंबईचे दोन कोळी, एकमेकांचे जिवलग. राकेश बापाच्या छोट्या होडीवर, भरती-ओहोटीच्या हिशोबाने, किनाऱ्यालगत मासेमारी करतो. गणेश बाहेर शिकून आलाय, खोल समुद्रात जातो, कर्जात आहे, आणि एलईडी दिव्यांनी मासे ओढावेत की नाही या पेचात आहे. केंद्राने २०१७ मध्ये या दिव्यांवर बंदी घातली तरी बंदरावर विचारा कुणालाही. समुद्रच रिकामा होत चाललाय, तेव्हा एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं कमी. फिल्ममध्ये कुणीही भाषण देत नाही. एक बाळ आजारी आहे, एक होडी आहे, दारू पीत बसून केलेली भांडणं आहेत. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात तिला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. कोकणात दाखवली तेव्हा पुढच्या रांगेतला एकजण जाळ्याच्या आसाचं, म्हणजे भोकाचं, माप बघून मोठ्याने हसला. काय हसलास विचारलं तर म्हणाला, "एवढ्या बारीक आसात पिल्लूसुद्धा सुटायचं नाय."

नर्मदेवर सिमंतिनी धुरू आणि आनंद पटवर्धन यांचा 'अ नर्मदा डायरी' (१९९५). सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने महाराष्ट्रात सुरुवातीलाच गाठलेलं मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातलं. तेव्हा जिल्हा धुळे, आता नंदुरबार. १९९३ ला जागतिक बँकेचं कर्ज या प्रकल्पावरून सुटलं, तरी भिंत चढतच राहिली. श्रीप्रकाश यांचा 'बुद्धा वीप्स इन जादुगोडा' (१९९९) झारखंडच्या युरेनियम खाणीशेजारच्या हो आदिवासींवर. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' दिल्लीच्या विषारी हवेतून खाली पडणाऱ्या घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांचा. हा शेवटचा मोठ्या पडद्यावरच बघा. मोबाइलवर घारीचं काय दिसणार!

हे सगळे एकतर्फी असतात ना?

बाजू असते, लपवत नाहीत. संकलनाच्या टेबलावर शेकडो तासांतून दीड तास उरतो, तेव्हा काय ठेवलं आणि काय टाकलं यातच बाजू आली. ज्या सरकारी रिळेत एकही गरीब माणूस बोलत नव्हता ती तटस्थ आणि त्याला बोलू दिलं ती एकतर्फी, हा हिशोब आम्हाला कळत नाही. खरा प्रश्न असा विचारावा: दुसऱ्या बाजूचा माणूस पडद्यावर आला तेव्हा त्याला वाक्य पुरं करू दिलं का? रडणाऱ्या बाईवर व्हायोलिन चढवलंय का? तारखा, गावं, आकडे तपासता येतील असे आहेत का? यांत नापास होणाऱ्या आपल्या बाजूच्या फिल्म्सही आम्ही दाखवत नाही. त्यावरून आमच्यात दोनदा चांगलं वाजलंय.

ज्यांच्यावर फिल्म बनते त्यांना काय मिळतं?

हा प्रश्न सर्वांत कमी लोक विचारतात.

तो 'हमारा शहर'मध्येच विचारला गेलाय. घर पाडलेल्या वस्तीतली एक बाई दिग्दर्शकालाच धरते. तुम्ही आमची चित्रं काढून नेणार, नाव कमावणार, आमचं काय, असा तिचा रोख. पटवर्धनांनी तो भाग कापला नाही. नंतर १९८६ ला संजय गांधी नगर पाडलं तेव्हा ते स्वतः तिथल्या लोकांबरोबर उपोषणाला बसले, शबाना आझमीही होत्या. सगळेच दिग्दर्शक उपोषणाला बसतील असं नाही, बसावं असंही नाही. पण त्या बाईचा प्रश्न फिल्ममध्ये ठेवणं ही किमान गोष्ट.

अलीकडचं उदाहरण 'रायटिंग विथ फायर'चं. बुंदेलखंडात दलित आणि इतर ग्रामीण बायका चालवतात त्या 'खबर लहरिया' या वृत्तसंस्थेवर रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी केलेली, ऑस्करच्या अंतिम यादीत गेलेली. पुरस्कार सोहळ्याच्या तोंडावर, मार्च २०२२ मध्ये खुद्द 'खबर लहरिया'ने जाहीर केलं की फिल्म देखणी आहे, पण आमच्या कामाचं चित्र त्यात अपुरं आहे, एकाच पक्षावरच्या बातमीदारीभोवती ते फिरवलंय. दोन्ही बाजूंना काही म्हणता येतं. आम्हाला एवढंच दिसतं की संमतीच्या कागदावरची सही चित्रीकरणाच्या दिवशी होते, आणि आपण कसे दिसतो हे माणसाला कळतं ते वर्षा-दोन वर्षांनी, तेही जगाबरोबरच.

म्हणून आमचा एक हट्ट आहे. एखादा दिग्दर्शक आमच्या भागात फिल्म दाखवायला आला की पहिलं विचारतो: ज्यांची आहे त्यांनी बघितली का? 'जय भीम कॉम्रेड' सुरुवातीलाच भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, वस्तीतल्या माणसांसमोर दाखवला गेला. एकदा एका नावाजलेल्या दिग्दर्शकाला हाच प्रश्न विचारला तर तो म्हणाला, त्यांच्याकडे पोचायला रस्ता नाही हो. शूटिंगला गेला होता तेव्हा होता बहुतेक.

सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं का?

१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार जाहीर प्रदर्शनासाठी लागतं, माहितीपटालाही. महोत्सवांना सरकारकडून सूट मागता येते. यूट्यूब आणि ओटीटीला सेन्सॉर बोर्ड नाही, त्यांना माहिती तंत्रज्ञानाचे २०२१ चे नियम.

आणि हो, सेन्सॉरशिपला पहिलं मोठं घटनात्मक आव्हान एका माहितीपटानेच दिलंय, तेही विषमतेवरच्या. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'चार शहर, एक कहानी'मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथली चैन आणि दैन्य समोरासमोर ठेवलं होतं. वेश्यावस्तीतल्या काही क्षणांवरून बोर्डाने 'ए' प्रमाणपत्र दिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुनावणी चालू असतानाच सरकार नमलं आणि न कापता 'यू' द्यायला तयार झालं. अब्बास म्हणाले, आता माझ्या एका फिल्मचा सवाल नाही. १९७० च्या निकालात न्यायालयाने पूर्वपरीक्षण, म्हणजे दाखवण्याआधीच फिल्म तपासणं, वैध ठरवलं, म्हणजे ते तत्त्वावर हरले. आजही कुठल्याही सेन्सॉर खटल्यात त्यांचं नाव निघतं.

जिंकलेलेही आहेत. तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांच्या भोपाळ दुर्घटनेवरच्या 'बियाँड जेनोसाइड'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शनने ती दाखवायचं नाकारलं. १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने दाखवायला लावली. पटवर्धनांच्या 'वॉर अँड पीस'ला बोर्डाने भाराभर कात्र्या सुचवल्या होत्या, मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये एकही न लावता सोडवली. पूर्वी बोर्डाविरुद्ध दाद मागायला अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१ ला बंद झालं, आता थेट उच्च न्यायालय. वकिलाचा खर्च कुणाला परवडतो हा पुढचा प्रश्न.

२००४ मध्ये सरकारच्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवाने ('मिफ') भारतीय माहितीपटांना सर्टिफिकेटची अट घातली, तेव्हा दिग्दर्शकांनी एकत्र येऊन 'विकल्प' नावाने समांतर महोत्सवच भरवला. आज गावोगावी जी छोटी स्क्रीनिंग्ज होतात त्यांचं मूळ बरंचसं तिथे आहे.

बघायचे कुठे?

बरेच फुकट आहेत. फिल्म्स डिव्हिजन आणि पीएसबीटी (माहितीपटांना पाठबळ देणारा एक ट्रस्ट) यांची यूट्यूब चॅनेल्स हा खजिना आहे. 'नीरोज गेस्ट्स' आणि अस्पृश्यतेवरचा स्टॅलिन के. यांचा 'इंडिया अनटच्ड' यूट्यूबवर मिळतील. प्रत्यक्ष बघायचं तर मुंबईचा दर दोन वर्षांनी होणारा 'मिफ', गोव्यातल्या इफ्फीतला कथाबाह्य चित्रपटांचा विभाग, पुण्याचा किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव आणि लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. जे कुठेच सापडत नाही त्यासाठी दिग्दर्शकाला मेल लिहा. खरंच लिहा. दहांतले सात तरी उत्तर देतात, आणि गावात दाखवायचंय म्हटलं की पैशाचं नावही काढत नाहीत. ते काढत नाहीत म्हणून आपणही विसरायचं नाही, टोपी फिरवून जमेल ते पाठवतो.

आमच्या गावात, वस्तीत दाखवायचं आहे. काय तयारी?

परवानगी आधी दिग्दर्शकाची. शाळा-कॉलेजात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक असतील तर कॉपीराइट कायद्यात सूट आहे, तरी विचारलेलं बरं. उघड्यावर लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलिस ठाण्यात अर्ज, आणि रात्री दहाच्या आत बंद. कॉलेजच्या हॉलवर विसंबू नका. एकदा आदल्या संध्याकाळी सातला आम्हाला एका कॉलेजातून फोन आला, वरून सांगितलंय, हॉल मिळणार नाही. कोणी वर, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या रात्री एकाच्या गच्चीवर खेळ झाला आणि हॉलमध्ये आली असती त्याच्या दुप्पट माणसं आली.

पडद्याला चादर वापरू नका, मधली शिवण सगळ्यांच्या तोंडावर येते. मांजरपाटाचा एकच रुंद पन्हा आडवा घ्या, खालच्या दुमडीत बांबू ओवा, म्हणजे वाऱ्याने फडफडत नाही. प्रोजेक्टरहून आवाजाकडे जास्त लक्ष द्या. चित्र अंधूक असलं तर लोक सहन करतात, बोलणं कळलं नाही तर उठून जातात. गणपती मंडळाचा स्पीकर मागितला की मिळतो. नळाला पाणी यायची वेळ विचारून घ्या, नाहीतर ऐन मध्यावर बायका घागरी घेऊन निघतील आणि त्यांचंच बरोबर असेल. पावसाळ्यात उघड्यावर करू नका. एकदा उडत्या वाळवीने प्रोजेक्टरची अशी काच धरली, की पडद्यावरच्या मंत्र्याच्या तोंडातून किडे निघताना दिसत होते. टाळ्या पडल्या ते सोडा.

सबटायटल बहुधा इंग्रजीत असतात. सुरुवातीला आम्ही तसंच लावत होतो. एका वस्तीत फिल्म संपल्यावर एक म्हातारे म्हणाले, चित्रं चांगली होती. दीड तासात कुणी सांगायला आलं नाही की कळत नाहीये, एवढी सभ्यता. तेव्हापासून आमच्यातली एकजण माइकवर सोबत मराठीत सांगत जाते. आदल्या दिवशी दोनदा बघून, वहीत उतरवून.

मुलांना दाखवावेत का?

आठवीच्या पुढच्यांना दाखवतो. गटारात उतरणाऱ्या माणसांवरचा दिव्या भारती यांचा तमिळ 'कक्कूस' (२०१७) मात्र मोठ्यांनाही सांगूनसवरून दाखवावा, त्यात प्रेतं आहेत. त्यावर बोलताना कायदा हाताशी ठेवा: २०१३ च्या कायद्याने हे काम करवून घेणं गुन्हा आहे, आणि गटारात मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई १० लाखांवरून ३० लाख करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ ला सांगितलंय.

मोबाइलवर स्वतः बनवायचा विचार आहे.

बनवा. कॉलर माइक घ्या, बाकी सगळं नंतर. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव, चेहरा, घर, शाळा यातलं काहीही ओळख पटेल असं दाखवू नका, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. आणि कच्चं संकलन झालं की लॅपटॉप घेऊन ज्यांचं आहे त्यांच्या घरी जा.

पैसे कोण देतं?

बहुतेकदा कुणीच नाही. काहींना परदेशी निधी मिळतो, काही जण जाहिराती, लग्नाचं शूटिंग करून पोट भरतात आणि उरलेल्या वेळात हे.

फिल्म संपल्यावर चर्चा ठेवली तर कुणी बोलतच नाही. काय करावं?

"कशी वाटली?" असं विचारू नका. गप्प बसा. दिवे लगेच लावू नका, चहा आधी फिरवा. एकदा विस्थापितांवरची एक फिल्म दाखवून झाल्यावर असंच दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागून एका आजींनी विचारलं, "त्या दारात बसल्याली बाई, तिला जमीन मिळाली का पुढं?" आम्हाला माहीत नव्हतं. रात्रीच दिग्दर्शिकेला मेल टाकली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: नाही, केस चालू आहे, पण बाई खुशाल आहेत, नातू झालाय. पुढच्या महिन्यात दुसरी फिल्म लावायच्या आधी ते वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, "मग आता नातवाचं नाव काय ठेवलं ते विचारा."

विचारलंय. उत्तर यायचंय.